उत्तरभाग आणि खेळणाऱ्यांचे मत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर शेती आणि सहकार यांवर बोलावे, असा आपला प्रघात आहे. त्यामुळे संगणकावरील मारकाटीच्या खेळावर व्याख्यान असल्याचे पत्रिकेत वाचून पुढल्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असल्यास आम्हाला नवल वाटणार नाही. तथापि, सन २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, तेव्हापासून सफाळ्याहून मुंबईला किंवा बोईसरला जाणाऱ्या कोणत्याही डब्यात आपण नजर टाकावी. तरुणांच्या हातात हे खेळ आहेत. जी गोष्ट आपल्या मुलांचे इतके तास घेते, तिच्याविषयी त्यांचे काय मत आहे, हे आपण कधी विचारले आहे काय? मुले खेळतात हे आपल्याला दिसते; ती खेळाविषयी भांडतात, वाद घालतात, गुणदोष काढतात, हे आपल्या कानी येत नाही. आजचा आमचा विषय हा वाद आहे. एखाद्या गाजलेल्या खेळाचा पुढला भाग निघतो तेव्हा खेळणारे काय म्हणतात, त्यातले कर्त्याने काय ऐकावे आणि काय ऐकू नये, एवढाच प्रश्न आम्ही आज हाती घेणार आहोत.

प्रथम हा खेळ असतो तरी कसा, ते सांगितले पाहिजे. खेळणारा एका वीराची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. मग तो भुयारांत, ओसाड मठांत, वाळवंटांत शिरतो आणि समोर येणाऱ्या राक्षसांचे निर्दालन करीत सुटतो. राक्षस पडला की त्याच्याजवळची चीजवस्तू जमिनीवर विखुरते: तलवार, चिलखत, अंगठी, मोहरा. या वस्तूंना इंग्रजीत ‘लूट’ असेच म्हणतात, आणि तो शब्द त्या भाषेने हिंदुस्थानातूनच नेला आहे. लुटीतली प्रत्येक वस्तू दैवाधीन असते. शंभर वेळा भंगार मिळते आणि एकशेएकाव्या वेळी असे काही हाती लागते की खेळणारा खुर्चीतून उठून ओरडतो. त्या हत्याराच्या बळावर तो आणखी मोठ्या राक्षसाला भिडतो. मारावे, मिळवावे, वाढावे आणि पुन्हा मारावे, असे हे रहाटगाडगे आहे.

या जातीच्या खेळांत ज्याचे नाव प्रथम घ्यावे तो खेळ म्हणजे ‘डायब्लो’. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो १९९६ सालच्या अखेरीस काढला. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान. २००० साली त्याचा दुसरा भाग निघाला आणि त्याने अशी मोहिनी घातली की वीस वर्षांनंतरही लोक तो खेळत होते. २०२१ साली त्याला नवा साज चढवून पुन्हा बाजारात आणावे लागले. मात्र आमचे आजचे उदाहरण तिसऱ्या भागाचे आहे. तो २०१२ साली आला. म्हणजे मध्ये बारा वर्षे गेली. ज्या मुलाने सोळाव्या वर्षी दुसरा भाग खेळला, तो तिसऱ्या भागाच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. बारा वर्षे त्याने मनात जे चित्र जपले होते, त्याच्याशी नव्या खेळाची गाठ होती.

२००८ साली या तिसऱ्या भागाची घोषणा झाली, पहिली दृश्ये दाखविली गेली, आणि त्याच क्षणी भांडण सुरू झाले. आधीचे भाग काळोखे होते. मशालीच्या उजेडाबाहेर काय दबा धरून बसले आहे, हे कळत नसे. नव्या दृश्यांत हिरवळ होती, धबधबा होता, इंद्रधनुष्य होते. हजारो लोकांनी सह्या करून मागणी केली की रंग उतरवा, अंधार परत आणा. कर्त्यांनी रंग बदलले नाहीत. उलट, खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात एक गुप्त प्रदेश सापडला. तिथे इंद्रधनुष्य आहे, हसरे ढग आहेत, एकशिंगी घोडे आहेत आणि गोजिरवाणी अस्वले आहेत, आणि वीराने त्यांच्यावर तलवार चालवायची आहे! तक्रारीला दिलेले ते विनोदी उत्तर होते. तक्रार करणारेही हसले, आणि तो प्रदेश धुंडाळू लागले.

१५ मे २०१२ रोजी खेळ विक्रीस आला. पहिल्या चोवीस तासांत ३५ लाखांहून अधिक प्रती गेल्या. पण त्या रात्री असंख्य लोकांना खेळ सुरूच करता आला नाही. हा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेशी सतत जोडलेला असावा लागे. यंत्रणेवर ताण पडला आणि पडद्यावर एक त्रुटीक्रमांक झळकू लागला: ३७. तो आकडा पुढे थट्टेचा विषय झाला. दक्षिण कोरियात मात्र थट्टेवर भागले नाही. तेथे प्रकरण सरकारी आयोगापर्यंत गेले आणि पैसे परत करण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागली. वीज आणि जोडणी यांचा भरवसा नसलेल्या गावात राहणाऱ्याला या तक्रारीचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. पैसे मोजून घरात आणलेली वस्तू दुसऱ्याच्या परवानगीशिवाय उघडत नसेल, तर ती विकत घेतली की भाड्याने घेतली?

याखेरीज एक मोठा आक्षेप होता. खेळातच कंपनीने लिलावघर उघडले होते. आपल्याला मिळालेले हत्यार तेथे विकावे, दुसऱ्याचे विकत घ्यावे. खेळातल्या मोहरा देऊन घ्यावे किंवा खऱ्या पैशांनी घ्यावे. कंपनी प्रत्येक व्यवहारात आपला वाटा घेई. वरवर पाहता ही सोयच होती. आधीच्या भागातही चोरून असा बाजार चालेच, त्यात फसवणूक होई. तो उजेडात आणावा, असा कर्त्यांचा हेतू होता. पण खेळणारे काही महिन्यांतच म्हणू लागले की आता राक्षस मारण्यात राम राहिला नाही. तासन्‌तास झगडून जे मिळते, त्याच्या दसपट चांगले लिलावात पडलेले असते. रणांगण ओस पडले आणि पेठ गजबजली. वीर व्हायला आलेला माणूस दलाल होऊन बसला.

आता, मंडळी, या सर्व मतांकडे आपण जरा शांतपणे पाहू. रागाने बोललेली सगळीच वाक्ये सारखी वाटतात. पण आम्हाला त्यांत तीन वेगवेगळ्या जाती दिसतात.

पहिली जात स्मृतीची. रंग उजळ झाले. डेकार्ड केन हा पहिल्या भागापासून साथ करणारा वृद्ध ज्ञानी तिसऱ्या भागात मधेच मारला गेला, आणि तोही एका दुय्यम खलनायिकेच्या हातून. पूर्वीच्या वीरांपैकी केवळ एकाचाच पेशा परत आला. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या खेळाविषयी जितके सांगतात तितकेच आपल्या गेलेल्या दिवसांविषयी सांगतात. सोळाव्या वर्षीचा काळोख कोणताही चित्रकार परत आणू शकत नाही. अशा मताचा कर्त्याने आदर करावा, त्याच्याशी थोडी थट्टा करावी आणि आपल्या वाटेने जावे.

दुसरी जात अडचणीची. यंत्रणा बंद पडते, जोडणी तुटते, पैसे देऊन खेळता येत नाही. यात मतभेदाला जागाच नाही. ही तक्रार ऐकून तिचे निवारण करणे हा साधा व्यवहारधर्म आहे.

तिसरी जात सर्वांत महत्त्वाची, आणि तिला आम्ही न्यायाचे मत म्हणतो. प्रत्येक खेळ खेळणाऱ्याशी एक अलिखित करार करतो. या खेळाचा करार असा की, तू धैर्याने लढ, तुझ्या लढण्याचे फळ तुला रणांगणावर मिळेल. लिलावघराने हा करार मोडला. खेळणारे मात्र तो शब्दांत पकडू शकत नव्हते. कोणी म्हणाला, चांगल्या वस्तू अधिक पाडा. कोणी म्हणाला, राक्षस सोपे करा. कोणी म्हणाला, किमती उतरवा. दुखणे एक होते आणि औषधे दहा सुचविली जात होती.

आमचे सांगणे येथेच येते. खेळणाऱ्याने दुखते म्हटले की कर्त्याने ते खरे मानावे. त्याने सुचविलेले औषध मात्र पारखून घ्यावे. रोगी वेदनेविषयी कधी चुकत नाही. रोगाविषयी चुकू शकतो. ब्लिझर्डच्या कर्त्यांनी शेवटी हेच केले. खेळाचे माजी प्रमुख जे विल्सन यांनी २०१३ साली कारागिरांच्या परिषदेत कबूल केले की लिलावघराने खेळाची हानी केली. त्याच वर्षी दूरदर्शन संचावर खेळण्याच्या यंत्रांसाठी जी आवृत्ती निघाली, तीत लिलावघर नव्हते आणि सतत जोडणीची सक्तीही नव्हती. मग कंपनीने जाहीर केले की राक्षस मारून उत्तम लूट मिळवावी हा जो खेळाचा गाभा, त्यालाच लिलाव बाधक आहे. आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर कायमचे बंद झाले. त्याआधी लुटीचे नियम नव्याने बांधले गेले: वस्तू कमी पडाव्यात, पण ज्या पडतील त्या खेळणाऱ्याच्या वीराला उपयोगी असाव्यात. त्याच महिन्यात जोशुआ मोस्केरा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला पुरवणी भाग आला आणि रुसलेले पुष्कळ लोक परतले. लोकांनी ‘अधिक पाडा’ म्हटले होते. कर्त्यांनी कमी पाडले, आणि लोक संतुष्ट झाले. मत ऐकणे आणि मताप्रमाणे वागणे यांतला फरक याहून स्पष्ट कोठे दिसणार?

लोकांनी मागितले ते जसेच्या तसे दिले की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. आपल्या संगीत रंगभूमीवर प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडत आणि नट तेच पद पुन्हा आळवी, मग तिसऱ्यांदा. नाटक पहाटेपर्यंत लांबे, पात्र मरणोन्मुख असले तरी गाई, आणि कथेचा धागा कोठल्या कोठे जाई. प्रेक्षकांचे प्रेम खोटे नव्हते. पण १९३१ नंतर बोलपट आला, तेव्हा त्या लांबलेल्या रात्रींना तोंड देणे रंगभूमीला जड गेले. ऱ्हासाची कारणे अनेक होती. परंतु प्रेक्षकांच्या हुकमाला नकार न देण्याची सवय हे त्यांपैकी एक होते, असे आमचे मत आहे.

उलट, मत कसे पचवावे याचा धडा चारशे वर्षांपूर्वी एका स्पॅनिश लेखकाने घालून दिला आहे. सर्व्हांतेस याने ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग १६०५ साली काढला. तो इतका गाजला की १६१४ साली दुसऱ्याच कोणी टोपणनावाने त्याचा खोटा उत्तरभाग छापला. १६१५ साली खुद्द सर्व्हांतेसचा दुसरा भाग आला, आणि त्यात त्याने गंमत केली. एक विद्यार्थी येतो आणि नायकालाच सांगतो की तुमचे पुस्तक लोकांनी वाचले आहे, आणि त्यांच्या या या तक्रारी आहेत. सांचोचे गाढव कोणी चोरले आणि ते परत कसे आले, हे लेखक सांगायला विसरला. आणि कथेशी संबंध नसलेली एक गोष्ट मध्येच घुसडली आहे. गाढवाच्या आक्षेपाला सांचोकडून गमतीचे उत्तर देववून लेखकाने तो हसण्यावारी नेला. घुसडलेल्या गोष्टीचा आक्षेप मात्र मनावर घेतला, आणि दुसऱ्या भागात तशा सुट्या गोष्टी टाळल्या. कोठे हसावे आणि कोठे सुधारावे, हे ज्याला कळले त्याचा उत्तरभाग पूर्वभागाच्या बरोबरीने टिकला.

आता कोणी म्हणेल की मतामतांत तंटा असला तर कर्त्याने कोणाचे ऐकावे? असाही प्रसंग या खेळात आला. दुसऱ्या भागात वीराने जी विद्या एकदा निवडली ती निवडली. कित्येक वर्षे ती बदलण्याची सोय नव्हती. चुकले तर नवा वीर घेऊन पहिल्या पायरीपासून चढावे लागे. तिसऱ्या भागात विद्या हवी तेव्हा बदलता येऊ लागली. एक पक्ष म्हणाला, जी निवड क्षणोक्षणी फिरवता येते ती निवडच नव्हे. माझा वीर आणि शेजाऱ्याचा वीर यांत आता भेद उरला नाही. दुसरा पक्ष म्हणाला, आम्ही आता नोकरीवाले, दिवसाला एक तास मिळतो, चुकीची शिक्षा म्हणून दोन महिने फुकट घालवणे आम्हाला परवडत नाही. आम्हाला दोन्ही पक्ष प्रामाणिक वाटतात. पहाटेची गाडी पकडून रात्री परतणारा आपल्या गावचा तरुण दुसऱ्या पक्षाचा. सुट्टीत घरी असलेला विद्यार्थी पहिल्या पक्षाचा. येथे एकाच खेळाने दोघांनाही तृप्त करणे कठीण. यातून निराळाच मार्ग निघाला. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे दुसऱ्या भागाच्या काही भक्तांनी स्वतःच ‘पाथ ऑफ एक्झाइल’ नावाचा खेळ रचला. निवडीला किंमत असली पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर पसरला. तक्रार करणारा जेव्हा हातात हत्यारे घेऊन सुतार होतो, तेव्हा त्याच्या मताला सर्वांत मोठी प्रतिष्ठा येते.

आणि म्हणून आता परदेशातून आम्ही आपल्या मुलखात येतो. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची एक लहान संस्था आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड या मंडळींनी ती उभी केली. ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा त्यांचा खेळ २०२० साली निघाला. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी राजी नावाची मुलगी. तिच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेने ती त्रिशूळ हाती घेते आणि महाबलासुराच्या सैन्याशी झुंजते. राजस्थानी किल्ल्यांचे स्थापत्य, पहाडी शैलीची चित्रे, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. त्या मंडळींनी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता; तो उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. तरी खेळ पुरा झाला, आणि २०२० च्या ‘गेम अवॉर्ड्‌स’ या जागतिक पुरस्कारांत नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. २०२५ साली ‘राजी : कलियुग’ या नावाने त्याच्या पुढल्या भागाची घोषणाही झाली.

या खेळाविषयी खेळणाऱ्यांची मते दोन प्रकारची आली. दृश्ये, संगीत, कथनाची रीत यांची मनापासून स्तुती झाली. त्याचबरोबर पुष्कळांनी सांगितले की लढाई ठिकठिकाणी अवघडलेली वाटते, खेळ पाच-सहा तासांत आटोपतो आणि शेवट मध्येच तोडल्यासारखा होतो. आपल्याकडे मात्र एक निराळाच मोह दिसतो. हा आपल्या देशाचा खेळ, आपल्या देवदेवतांचा खेळ, तेव्हा त्याचे दोष काढू नयेत, असे काहींना वाटते. दुसऱ्या टोकाला, आपल्या लोकांना हे जमायचेच नाही, असे न खेळताच म्हणणारे आहेत. आम्हाला दोन्ही मते सारखीच निरुपयोगी वाटतात. ‘डायब्लो’च्या कंपनीपाशी अफाट पैसा होता, एक मोठी चूक करून, दोन वर्षे लोकांचा राग सोसून, ती सुधारण्याची तिची ऐपत होती. पुण्याच्या लहान संस्थेला अशी दोन वर्षे कोण देणार? तिला पहिल्याच वेळी खरे कळले पाहिजे. आपण कौतुकाने दोष लपविले तर पुढल्या भागात ते दोष तसेच येतील, आणि मग परका ग्राहक ते निर्दयपणे दाखवील.

आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुखवटे चढवून देव येतात, दैत्य येतात, रात्र जागते. दरवर्षी तीच सोंगे, तेच युद्ध. पण तेथला जुना प्रेक्षक ‘तेच तेच’ म्हणून तक्रार करीत नाही. तो पाहतो की सोंग नीट नाचले की नाही, पाऊल संबळाशी जुळले की नाही. आणि चुकले तर सांगतो, कारण सोंग घेणारा त्याच्याच पाड्यावरचा असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार असतो. उत्तरभागाविषयी मत द्यावे तर असे द्यावे. त्यात परंपरेची जाण आहे, कारागिरीची पारख आहे, आणि करणाऱ्याविषयी आपलेपणा आहे.

जमलेल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू की, पुढल्या वेळी एखादा खेळ आवडला नाही तर ‘भिकार आहे’ असे म्हणून थांबू नका. कोठे कंटाळा आला, कोणत्या क्षणी हात थांबला, कोणते वचन मोडल्यासारखे वाटले, ते चार ओळींत मराठीत नीट लिहा. औषध सुचवायचे असेल तर जरूर सुचवा, पण दुखणे आधी लिहा. आणि पालकांना आमची विनंती अशी की, मुलाला ‘किती वेळ खेळलास?’ हे विचाराच. पण त्यानंतर ‘दुसरा भाग पहिल्याइतका चांगला का नाही?’ हेही विचारा. तो अर्धा तास बोलेल. ते बोलणे ऐकताना आपल्या लक्षात येईल की न्याय, श्रम, मोल आणि फसवणूक यांविषयी त्याची काही ठाम मते आहेत, आणि ती त्याने कोणाला अजून सांगितलेली नाहीत.

 प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. पहिला प्रश्न मागल्या बाकांवरच्या मंडळींनी विचारावा, अशी आमची इच्छा आहे.